रुतणार नाही असा पट्टा

केशरबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. नळाला पाणी यायच्या आत अंगण झाडून, भाकरी थापून, शेळीला चारा टाकून ती शिलाई मशीनवर बसायची. उजाडेपर्यंत पहिलं ब्लाउज निम्मं झालेलं असायचं. धर्मापुरीत तिच्यापेक्षा स्वस्तात शिवणाऱ्या होत्या, पण तिची शिवण उसवली असं कुणी सांगत नव्हतं. वाकडी टीप पडली तर ती सगळी उसवून पुन्हा घालायची. जेवण त्यानंतर.

तिचा नवरा धुळाजी छातीच्या आजारानं गेला. डॉक्टरांनी बिडी बंद करायला सांगितली होती. तो घरात "सोडली" म्हणायचा आणि धाकट्या भावाबरोबर, अभिमन्यूबरोबर, गोठ्यामागं ओढायचा. केशरबाईला थोटकं सापडायची. धुळाजी गेल्यावर भावकीत कुजबुज सुरू झाली, की ह्याला बिडी पुरवत कोण होतं? तेव्हा अभिमन्यूनं तेराव्याच्या पंगतीत, अन्नावर हात ठेवून सांगितलं, "दादानं बिडीला हात लावला न्हवता. वहिनीच्या चुलीच्या धुरानं गेला त्यो."

चुलीवरचीच भाकरी पाहिजे हा हट्ट धुळाजीचा. घरात गॅस होता. पण पंगतीत हे कोण ऐकणार? तिनं थोटकांचं सांगितलं तर लोक म्हणाले, मेलेल्या माणसावर बालंट घेती. तिचं नाव 'धुरवाली' पडलं. भावकीत लग्न निघालं की भाकरी थापायला घरोघरच्या बायका बोलावतात. केशरबाईच्या दारावरून हाक पुढं जायला लागली. तिनं त्यावर बोलणं सोडलं. डूख सोडला नाही.

पुढं काही वर्षांनी अंबाजोगाईहून रुचिका नावाची पोरगी गावात आली. बाप किराणा दुकानदार, पोरगी इंजिनिअर. बिडी सोडायला सांगितलेल्या माणसांच्या छातीला बांधायचा एक पट्टा तिच्या गटानं केला होता. त्यावर आगपेटीएवढी डबी. माणूस नुसता श्वास घेतो कसा आणि झुरका मारतो कसा, यातला फरक डबीला कळायचा आणि वेळेसकट तिच्यात नोंदला जायचा. अडचण एकच होती. पट्टा टोचायचा. उन्हात घामानं अंगाला वळ उठायचे आणि माणसं तो काढून खुंटीला अडकवायची.

"मावशी, खुंटी काही बिडी ओढत नाही," रुचिका म्हणाली. "अंगावर राहील असा शिवून द्याल का?"

"कुणाकुणाला बांदलाय?" केशरबाईनं विचारलं.

रुचिकानं नावं सांगितली नाहीत. पण सांगायची गरज नव्हती. खोकत खोकत अभिमन्यू स्वतःच गावभर सांगत होता, की तपासणी फुकट होते म्हणून पट्टा बांधून घेतला, बिडी तर कवाच सोडली, पण हे लचांड लई खाजवतंय, म्हणून काढून ठेवतो.

केशरबाईनं काम घेतलं.

टोचलं की माणूस सावध होतो, हे तिला ठाऊक होतं. अभिमन्यूला सावध करायचं नव्हतं. त्याला इतकं सुख द्यायचं होतं, की अंगावर काही आहे हेच त्याच्या ध्यानात राहू नये. एवढ्या प्रेमानं तिनं लेकीच्या बाळाचं झबलंसुद्धा शिवलं नव्हतं.

पहिल्या पट्ट्याला तिनं जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलं. ते घाम पिऊन जड झालं आणि पट्टा पोटावर घसरला. दुसरा तिनं सैल केला. रुचिकानं तपासून मान हलवली. "मऊ झालाय मावशी, पण ढिला पट्टा काही सांगत नाही. छाती फुगली की त्यालाही ताण बसला पाहिजे." केशरबाईनं तो उसवला. इलास्टिक फक्त दोन बगलांना ठेवलं, पाठीला सुती पट्टी. शिवणीची कड बाहेरून घेतली. दिवसभर स्वतः बांधून मशीन चालवली, शेळीचा भारा आणला, रात्री तसाच बांधून झोपली. सकाळी रुतल्याच्या खुणा पाहून पुन्हा उसवला.

मापाच्या निमित्तानं तिनं अभिमन्यूला बोलावणं धाडलं. तो हसतच आला.

"वहिनी, बैलाला सापती आवळल्यावानी वाटतंय बगा."

"बैल बोलत न्हाई भावजी. तुमी बोला. कुटं रुततंय?"

"पाठीला हूक लागतोय. उताणं निजता येत न्हाई."

"कुशीवर निजता का?"

"डाव्या."

तिनं हूक उजव्या बगलेखाली नेला. आठवड्यानं पुन्हा विचारलं. "आता कुटं?"

"आता कुटंच न्हाई," तो छाती चोळत म्हणाला. "धुरवालीच्या हातात कला हाय म्हणायची."

"तुमच्यासाठीच शिकले," केशरबाई म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

पट्टा अंगावर राहिला. तेवढ्यात पितृपक्ष आला आणि धुळाजीचा म्हाळ अभिमन्यूच्या घरी झाला. जेवायला केशरबाईला बोलावलं, रांधायला नाही. पत्र्यावर पान ठेवलं तरी कावळा फिरकेना. माणसं ताटकळली. अभिमन्यू एकटाच पान नीट करायला वर गेला. मग एकदाचा कावळा आला, पंगत बसली.

दोन दिवसांनी रुचिका पट्टे तपासायला केशरबाईकडं आली. ओसरीवर भावकीतल्या थोरल्या मंजुळाबाई आणि आणखी दोघीतिघी ब्लाउज न्यायला थांबल्या होत्या. तपासणीला आलेल्या अभिमन्यूनं पट्टा काढून दिला. रुचिकानं डबी मोबाईलला जोडली आणि नोंदी दोनदा वरखाली करून पाहिल्या.

"काका, आपण जरा बाजूला बसून बोलू."

"बाजूला कावून? हितंच सांगा. आपल्याला काय लपवायचं हाय?"

"सगळ्यांपुढं नको, काका."

"सांगा हो. बायका काय खात्यात का मला?"

रुचिकानं आवाज खाली आणला. "ओढल्याचं दिसतंय. बऱ्याचदा."

"कवा? एक येळ सांगा."

"परवाचीच बघा. दुपारी, जेवणाआधी."

अभिमन्यूचा चेहरा खुलला. हातात आयता मुद्दा सापडला असं त्याला वाटलं. "आवं ती माझी न्हाईच. ती दादाची. कावळा शिवंना, म्हणून त्याच्या पानावर बिडी पेटवून ठिवली. दोन झुरके मारल्याबिगर बिडी जळती का? इझून जाती. बिडी ठिवली आन् कावळा आला बगा लगीच. दादाचा जीव तिच्यातच..."

तो थांबला.

मंजुळाबाईंनी हातातलं ब्लाउज मांडीवर ठेवलं. "कुणाचा जीव कशात, अभिमन्यू?"

"तसं न्हवं, काकू..."

"धुळाजी तर बिडी ओढत न्हवता ना रे? मग त्याचा कावळा बिडीला कसा शिवला?"

"लोकं ठिवत्यात, म्हणून ठिवली."

"न ओढणाऱ्याला कोण ठिवतंय, बे?" म्हातारीच्या तोंडचा 'बे' ऐकून बाकीच्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

केशरबाई मशीनवरून उठली नाही. तिनं मशीनचं पायडल थांबवलं आणि दिराकडं नीट पाहिलं. "भावजी, पट्टा रुतला का कुटं?"

अभिमन्यू चपला न घालताच निघाला. पुन्हा वळून आला, चपला घेतल्या आणि गेला. रुचिकाचा चेहरा उतरला होता. "मावशी, हे असं व्हायला नको होतं. मी बोलायलाच नको होतं."

"तू काय केलंस, बाई? तू बाजूलाच बोलावत होतीस," केशरबाई म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, हा विचारही तिनं केला नाही.

दिवेलागणीच्या आत गोष्ट वेशीपर्यंत पोचली. महिनाभरात एका लग्नघरातून भाकरीसाठी हाक आली. केशरबाईनं सांगून पाठवलं, हात दुखतोय. दुसरी आली, तिलाही तेच. इतकी वर्षं जी हाक दारावरून पुढं गेली, ती आता दारात थोडी थांबली तर बिघडत नव्हतं.

रुचिकाच्या गटाला पट्टा पसंत पडला. त्यांनी आणखी पुष्कळ शिवून घेतले. केशरबाईनं ते पावसाळा सरल्यापासून संक्रांतीपर्यंत शिवले. एकाचीही शिवणीची कड आतून, अंगाकडं, आली नाही.

मजुरी एकदम हातात पडली. लेकीला वाटलं, आई नवी मशीन घेईल. केशरबाईनं बाजारातून बोकड आणला आणि पिराच्या नावानं कंदुरीचं जेवण घातलं. सगळ्या भावकीला आवतन धाडलं. अभिमन्यूच्या दारात मात्र ती स्वतः गेली.

"बरं वाटंना वहिनी," तो आतूनच म्हणाला.

"मग ताट हितं घिऊन येते. सगळ्या भावकीला संगं घिऊन येते."

तो आला. पंगतीच्या टोकाला खाली मान घालून बसला. केशरबाईनं त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली, रस्सा ओतला आणि तो पुरे म्हणेपर्यंत समोरून हलली नाही. पट्ट्यांची सगळी मजुरी त्या एका जेवणात गेली.