दुर्गाबाईची टोळी बागेत बसते

कुंभार पिंपळगावात खुरपणाला बाया हव्या असल्या की लोक आभाळाकडे बघत नाहीत, दुर्गाबाईच्या तोंडाकडे बघतात. ती 'हो' म्हणाली तर दहा-अकरा बाया सकाळी शेतात हजर. 'न्हाई' म्हणाली तर मग बसा बांधावर तण न्याहाळत. साठीला टेकलेली, अंगानं काटक, आणि आवाज असा की एका शिवारात हाक मारली तर दुसऱ्या शिवारातले बैल कान टवकारतात. हातांचं तर विचारूच नका. लग्नात पंगतीला बसली तरी पत्रावळीशेजारचं गवत उपटते. एकदा मयतीला गेली होती. सगळ्या बाया रडत होत्या, हीसुद्धा खरीखुरी रडत होती, पण रडता रडता अर्धं अंगण साफ! खोटं वाटत असेल तर तिच्या टोळीतल्या कांताबाईला विचारा, ती शेजारीच बसून डोळे पुसत होती.

तर अशा या बाईच्या डोक्यात बाग शिरली. त्याला कारण नात आकांक्षा. ती जालन्याला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिनं मोबाईलवर बागेचे फोटो दाखवले. दुर्गाबाईनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"एवढं हिरवं रान, आन् एक बी बाई वाकलेली न्हाई?"

"आजी, तिथं लोक नुसते बसायला जातात."

"नुसते?"

"नुसते."

झालं! दुसऱ्या दिवशी कापसाच्या वेचणीत तिनं टोळीला सांगून टाकलं, वेचणी सरली की संक्रांतीच्या पुढं एक दिवस बागा बघायला जायचं. देवाला नाही, लग्नाला नाही, बाजाराला नाही. बसायला! बाया हसून हसून ओंजळीतला कापूस सांडत्या झाल्या.

घरी बद्रीनाथरावांना, म्हणजे तिच्या मालकांना, हे कळलं तेव्हा ते ओट्यावर दोरी वळत होते. त्यांनाही हसू आवरेना.

"तू? बसणार? अगं, तुला गवत दिसलं की तुझे हात तुझं ऐकत न्हाईत."

"बसून दाखवीन."

"लाव पैज. तुझ्या टोळीतल्या एकीनं जरी एक काडी उपटली तरी तू हरलीस."

"आन् जिंकले तर?"

"तर दरसाल जा. एक दिवस गुरंढोरं, चूल, समदं आमी बघू."

"हरले तर?"

बद्रीनाथरावांनी दोरीला पीळ दिला. "तर पुढच्या बारीला आमाला संगं न्यायचं."

टोळीत ही अट कळली तेव्हा हाहाकार उडाला. बापे संगं? म्हणजे पाणी दे, चहा दे, माझी चप्पल कुठंय, अन् बूड टेकायच्या आत 'चला जल्दी'! कांताबाई म्हणाली, "दुर्गाबाई, तुजे हात बांधून नेऊ, पण हे संकट नको." पुरावा म्हणून आकांक्षाला तिच्या मोबाईलसकट संगं न्यायचं ठरलं.

निघायच्या सकाळी गावातल्या देवानंदची क्रूझर गाडी दारात उभी राहिली. दुर्गाबाईनं प्रत्येकीची पिशवी तपासली. कांताबाईच्या पिशवीत खुरपं निघालं.

"हे काय गं?"

"कांदा कापायला."

"कांदा बुक्कीनं फोडता येतो," असं म्हणून दुर्गाबाईनं खुरपं जप्त केलं आणि सीटखाली सारलं. वाटेत अशी गाणी झाली, अशी थट्टा झाली, की देवानंद दोनदा वळण चुकला.

पहिली बाग जालन्याची मोतीबाग. बाया उतरल्या, दहा पावलं गेल्या आणि खिळल्या. समोर हिरवळ पसरलेली, आणि एक माणूस नळीनं तिला पाणी घालत होता. कांताबाई खाली वाकली, डोळे बारीक करून बघितलं, आणि किंचाळली, "आगं माय! ही तर हराळी हाय!"

हराळीच होती. जिच्यापायी यांच्या कमरा गेल्या, जी मुळासकट काढून उन्हात वाळवली तरी पाऊस पडला की दात विचकते, ती हराळी! तिला पाणी! तिला खत! वर तिच्याभोवती दगडांची महिरप, आणि पाटी, 'गवतावर चालू नये'.

"आपुन जन्मभर हिला मारलं," कांताबाई म्हणाली, "आन् ही इथं येऊन पाटलीण झाली!"

मग जे हसू फुटलं ते थांबेचना. पोटं धरून बाया हराळीच्या कडेला बसल्या, आणि बसल्याबरोबर बोटं वळवळायला लागली. "हात!" दुर्गाबाई ओरडली. सगळ्यांनी हात काखेत घातले. एक सद्गृहस्थ फिरायला आले होते, त्यांनी विचारलं, "बाई, थंडी वाजते का?" दुर्गाबाई स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. "बिलकुल न्हाई," ती म्हणाली, "पैज हाय." पुढं घसरगुंडी झाली, झोके झाले. कांताबाई घसरगुंडीत मधेच अडकली, तिला वरून दोघींनी ढकललं आणि खालून तिघींनी ओढलं. पण गवताची एक काडी हलली नाही.

दुसरा थांबा संभाजीनगरचा बीबी का मकबरा. सरळ वाटा, लांब हौद, ओळीत झाडं. दुर्गाबाईनं कमरेवर हात ठेवून चारी दिशांना नजर टाकली. "एवढी जागा, आन् तुरीची एक वळ न्हाई." आकांक्षानं पाटी वाचून सांगितलं की हे शहजाद्यानं आपल्या आईसाठी बांधलं. बाया पांढऱ्या घुमटाकडे बघत राहिल्या. मग कांताबाईनं सुस्कारा सोडला. "आमच्या लेकानं, मिथुननं, अजून न्हाणीला दार बसवलं न्हाई."

त्या हसण्यानं कबुतरं उडाली.

परतताना उन्हं कलली. भाकरीची गाठोडी अजून सोडली नव्हती. देवानंद म्हणाला, रस्त्यापासून थोडं आत एका जहागीरदाराची जुनी बाग आहे, आंब्याची मोठाली झाडं, कोरडा हौद, तिथं कुणी हटकत नाही. गाडी वळली. पैज जिंकल्यातच जमा होती. शेवटची बाग, जेवण, की घर!

आंब्याखाली धपाटे उघडले, ठेचा उघडला, दह्याचा डबा उघडला. तेवढ्यात दुर्गाबाईला गुलाबाच्या वाफ्यात पाठ दिसली. एकटी बाई, वाकलेली, आणि तिच्यापुढं या टोकापासून त्या टोकापर्यंत गाजरगवत.

"ओ बाई," दुर्गाबाईनं हाक मारली, "या जेवायला!"

बाईनं मान वर केली. दुर्गाबाईच्याच वयाची. "जेवा तुमी. उद्या पाव्हणे येऊन राह्यले, आज समदं साफ पायजे. जोडीची आली न्हाई." आणि परत वाकत म्हणाली, "पात मागं टाकून कसं उठावं, माय?"

दुर्गाबाईचा घास हातातच राहिला.

खुरपणाला बसलं की प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा येतो, ती तिची पात. आणि या टोळीचा एकच कायदा, जो दुर्गाबाईनंच तीस वर्षांमागं घातला. एकीची पात मागं असली तर कुणी बांधावर जायचं नाही. पुढच्यांनी उलटं वळायचं, तिची पात ओढून आणायची, मग सगळ्यांनी मिळून भाकर सोडायची. आजारी असो, म्हातारी असो, नवी सून असो, त्या कायद्याला कधी सुट्टी मिळाली नव्हती.

कुणी धपाट्याला हात लावेना. सगळ्या दुर्गाबाईकडे बघत होत्या. ती कुणाकडेच बघत नव्हती. वर्षाचा एक मोकळा दिवस, चहा दे नाही, पाणी दे नाही, असा दिवस पुन्हा कुठून आणायचा? तिचा जीव तळमळला. मनातल्या मनात तिनं त्या जोडीच्या बाईला दोन शिव्या हासडल्या, आणि बद्रीनाथरावांना चार. मग तिनं घास खाली ठेवला.

"आकांक्षा, मोबाईल चालू कर."

"कशाला आजी?"

"हरलो त्याचा पुरावा नगं का?" आणि तिनं पदर खोचला.

मग काय! दिवसभर काखेत कोंडलेले हात सुटले. वाफ्याच्या कडेनं बाया ओळीत बसल्या, आणि कांताबाई धावत जाऊन सीटखालचं खुरपं घेऊन आली. "म्हणलं न्हवतं, लागंल म्हणून!" गाजरगवताचे ढीग पडत गेले. सकाळची गाणी परत वर आली, यावेळी ताल बराबर लागला. दैवशाला, म्हणजे ती बागेतली बाई, आधी लाजली, मग रडायच्या बेताला आली, मग सगळ्यांच्या वर सूर लावून गायला लागली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं तेव्हा पात टोकाला लागली.

मग सगळ्यांनी मिळून भाकर सोडली. दैवशाला तिसरं धपाटं संपवून गवतावर आडवी झाली. आधी एका कोपरावर, भीत भीत, मग पाठ टेकून. वर फांद्यांकडे बघत राहिली.

"काय झालं वो?" कांताबाईनं विचारलं.

"आठ वर्सं झाली इथं कामाला," दैवशाला म्हणाली. "आंबा खालून असा दिसतो, हे आज बघितलं."

दुर्गाबाईला भडभडून आलं. ती तिच्या शेजारी आडवी झाली, मग कांताबाई, मग सगळ्याच. शेवटी ओळीनं निजलेल्या बाया बघून देवानंद घाबरला, त्याला वाटलं ठेच्यात काही पडलं. त्यावरून पुन्हा हसू सुटलं, आणि निजून हसलं की ठसका लागतो हेही त्यांना त्या दिवशीच कळलं.

गावात पोचेपर्यंत आकांक्षाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. चौकात बाप्यांनी शिट्ट्या मारल्या. बद्रीनाथराव ओट्यावर दोरी वळत बसले होते, मिशीत हसत.

"हरलीस."

"हरले."

"मंग पुढच्या बारीला आमी संगं."

"शब्द दिलाय. या."

बद्रीनाथरावांनी आणखी थोडी दोरी वळली. मग हळूच, इकडे-तिकडे बघून विचारलं, "तिथं करायचं काय असतं गं?"

"काय न्हाई. गवतावर पडायचं. वर बघायचं."

"निस्तं?"

"निस्तं."

"मला जमंल का?"

चेष्टा नव्हती ती. दुर्गाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. पन्नास वर्षं नांगराला, मोटरला, दोरीला लागलेले हात. तिनं त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली. दोरी गेली तरी बोटं काही वेळ तशीच पीळ देत राहिली.

"अवघड हाय," ती म्हणाली, "पण शिकवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं देवानंदला गाठून सांगून ठेवलं. पुढच्या बारीला गाड्या दोन पाहिजेत, आणि जाताना दैवशालाबाईला तिच्या घरून उचलायचं.