आबांचं नस्तर आणि माझं लॅटिन

लॅटिन मी हौसेनं घेतलं नव्हतं. इंदूरच्या कॉलेजात एक जुनी भाषा घ्यावीच लागे, आणि मला संस्कृत हवं होतं. ते शिकवणारे शास्त्रीबुवा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "वडील काय करतात?" मी सांगितलं, धारला न्हावीकाम करतात, शिवाय तुंबड्या लावतात, जळवा लावतात, शीर तोडून रक्त काढतात. त्यानंतर महिनाभर त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही की माझी वही पाहिली नाही. मग मी उठून शेजारच्या खोलीत गेलो. तिथे एक म्हातारे पाद्री चौघांना लॅटिन शिकवीत होते. मी पाचवा झालो.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर धोकटी घेऊन माळव्यात आले. त्यांच्यात लिहायवाचायला शिकलेला दादा पहिला आणि कॉलेजात गेलेला मी पहिला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी इथेच लिहून ठेवतो. आई लवकर गेली, आबांना, म्हणजे वडिलांना, एका हाताची मदत हवी होती, तेव्हा त्यानं शाळा सोडली आणि मला सोडू दिली नाही.

पाद्रीबाबांना शब्दांचा नाद होता. एकदा त्यांचा अख्खा तास रक्तावर गेला. रोमी लोकांकडे रक्ताला दोन शब्द होते. अंगात वाहतं ते सांग्विस, आणि बाहेर सांडलं, थिजलं की क्रुओर. सांग्विस म्हणजे वंशही, नातंही, अंगातला जोमही. पोटच्या पोराला माझं सांग्विस म्हणून हाक मारता येई. ज्याच्या तोंडावरचा रंग गेला तो एक्सांग्विस, आणि मेलेल्यालाही तोच शब्द. शीर तोडण्याला ते सांग्विस पाठवणं म्हणत. बाकीचे उतरवून घेत होते. मी मात्र लहानपणी आबांनी काढलेल्या रक्ताच्या वाट्या उचलून परसात नेल्या होत्या. वाटीतलं रक्त किती वेळात थिजतं, वर पिवळसर पाणी कसं सुटतं, कडेनं साय कशी धरते, हे मी त्यांना सांगितलं. पाद्रीबाबा पुस्तक मिटून ऐकत राहिले. त्या कॉलेजात मला ठाऊक आहे आणि इतरांना नाही, असं तेव्हा पहिल्यांदा घडलं. त्या दहा मिनिटांची धुंदी माझ्या डोक्यातून पुढे कधी उतरलीच नाही. माझं चुकलं ते तिथून.

परीक्षेला ज्या लॅटिन पुस्तकाचा काही भाग नेमला होता, त्यात एका रोमी वैद्याच्या ग्रंथातला रक्त काढण्याबद्दलचा उतारा होता. तो मी तोंडपाठ केला. पास झालो आणि धारला आलो. देवासच्या शाळेत मास्तरची जागा मिळायची होती, तिची वाट पाहत होतो.

त्याच वर्षी थंडीत दादाला ताप भरला. पावसाळाभर त्याला हिवताप येत राहिला होता, पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती, पण तरी तो धोकटी घेऊन हिंडत होता. या वेळचा ताप वेगळा होता. अंग तव्यासारखं, डोळे लाल, कानशिलं उडत होती, कुशीत कळ. दवाखान्यातले डॉक्टर दरबारच्या लवाजम्याबरोबर दौऱ्यावर होते. कंपाउंडरनं कुनैन दिलं आणि सांगितलं, डॉक्टरसाहेब पाच-सहा दिवसांत येतील. तीन दिवस झाले तरी ताप हलेना. वहिनी उशाशी बसून पाण्याच्या घड्या बदलत होती. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि सहावा महिना लागला होता.

मी आबांना म्हणालो, "शीर तोडा."

आबांनी दादाची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली. "नाही. ह्याच्यात काढण्याजोगं रगत नाही. पावसाळ्यानं खाल्लंय सगळं."

"तोंड बघा किती लाल आहे."

"तो तापाचा लाल आहे. रगताचा नाही."

चाळीस वर्षं हे काम केलेला माणूस बोलत होता. पण मी पुस्तक आणलं. ओसरीवर शेजारपाजारचे लोक होते, तिरल्याहून जळवा लावून घ्यायला आलेला एक पाटीदार होता. सगळ्यांसमोर मी तो उतारा आधी लॅटिनमधून वाचला आणि मग अर्थ सांगितला. ताप जबर असेल, अंग लाल असेल, शिरा फुगल्या असतील, तर रक्त काढावं. एका दिवसात झेपणारं नसेल तर दोन दिवसांत वाटून काढावं.

आबा पोथी ऐकावी तसे हात जोडून ऐकत होते. "हे कुणी लिहिलंय?"

"रोमच्या एका मोठ्या माणसानं. बादशहांच्या वेळचं आहे, आबा. अठराशे वर्षं झाली."

"आणि त्यात आपलं काम आहे?"

"शब्दाला शब्द. शीर तोडण्याला ते रक्त पाठवणं म्हणत."

"पाठवणं? कुठं पाठवतात, उज्जैनला?" आतून दादाचा आवाज आला. सगळे हसले.

पाटीदार म्हणाला, "वा भिया, थारा बापू को काम तो इंग्रेज की पोथी में निकल्यो." हे इंग्रजांचं नाही, असं मी त्याला सांगितलं नाही. आबांचा चेहरा मी पाहत होतो. दरबारच्या बड्या लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरणारा तो माणूस, ज्याला त्यांच्या ओसरीवर बसायला कोणी सांगत नसे. पुन्हा वाच, म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात त्यांनी शीर तोडायचं नस्तर बाहेर काढलं. दादा म्हणाला, "काढा आबा. पंडितानं एवढं परदेशातून आणलंय, आता मला बरं व्हावंच लागेल." आबांनी दंडाला पट्टी आवळली, शीर चाचपली आणि एका टोचणीत मोकळी केली. त्यांचा हात कधी कापत नसे, त्या दिवशीही कापला नाही. वाटी अर्धी झाली.

संध्याकाळी ताप उतरला. दादा पेज प्यायला. वहिनी चुलीपाशी काहीतरी गुणगुणली, आणि मी अंगणात लोकांना सांग्विसचे अर्थ सांगत उभा होतो. ते आठवलं की मला अजून बसवत नाही.

सकाळी ताप पुन्हा चढला. मी म्हणालो, आज दुसरा दिवस, राहिलेलं काढायचं. आबा म्हणाले, "आज थांबू या. त्याचे ओठ बघ."

"लिहिलंय तसं करा, आबा. अर्ध्यावर सोडून कसं चालेल?"

वहिनी माझ्याशी कधी तोंड वर करून बोलत नसे. ती म्हणाली, "भावजी, मामंजींना भीती वाटतेय. त्यांचं ऐका ना."

मी म्हणालो, "वहिनी, हे तुम्हाला समजायचं नाही."

शीर पुन्हा उघडली. या वेळी रक्त पातळ, चटकदार लाल आलं. आबा लगेच म्हणाले, "साफ आलं रे. बांधतो." मी म्हणालो, "थोडं अजून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी बोट उचललं आणि अजून येऊ दिलं.

दादानं डोळे मिटले. अंग गार पडू लागलं, कपाळावर घाम डवरला. आबांनी पट्टी आवळली, पाय उचलून धरले, वहिनीनं गूळपाणी ओठांना लावलं. ते गळ्याखाली गेलं नाही. तोंडाचा रंग हळूहळू उतरला. हनुवटीपासून वर. मला तो शब्द ठाऊक होता, एक्सांग्विस. पाद्रीबाबांनी फळ्यावर लिहिलेला शब्द माझ्यासमोर गादीवर पडला होता, आणि मी पदवीधर नुसता बघत उभा होतो. काही वेळानं दादानं डोळे उघडून वहिनीकडे पाहिलं, "रडतेस काय," म्हणाला. दुपारी दोनच्या सुमाराला तो गेला. वाटीतलं रक्त कोणी उचललं नव्हतं. ते मी परसात नेलं.

भेटायला येणाऱ्याला आबा एकच सांगत. "हात माझा होता." कोणी माझ्या पुस्तकाचं नाव काढलं तर म्हणत, "पोरगं काय करणार? नस्तर माझ्या हातात होतं." त्यांच्या पाठीआड उभं राहायला मला बरं वाटत होतं, हेही लिहितो.

तेराव्यानंतर मी ते पुस्तक पुन्हा हातात घेतलं. तेव्हाची पुस्तकं कडा न कापताच येत, वाचणारानं पानं सोडवायची. नेमलेला भाग जिथं संपला तिथून पुढची पानं मी सोडवलीच नव्हती. परीक्षेला तेवढंच होतं. पुढचं पान मी वस्तऱ्यानं कापून सोडवलं. ज्याचं बळ आधीच खचलंय त्याचं रक्त काढू नये, असं तिथं लिहिलं होतं. रक्त लाल आणि स्वच्छ दिसलं तर ते कामाचं रक्त आहे, तत्काळ थांबावं, असंही.

आबा मागच्या पडवीत सहाणेवर वस्तऱ्याला धार लावत होते. मी पुस्तक घेऊन समोर बसलो आणि म्हणालो, "आबा, पुढचं पान मी वाचलं नव्हतं. त्यात तुम्ही म्हणालात तेच आहे. आधी म्हणालात ते, आणि नंतर म्हणालात तेही."

त्यांनी वस्तरा उलटा करून दुसऱ्या बाजूला धार लावायला घेतली. मग म्हणाले, "मला तर ते पानाशिवाय ठाऊक होतं."

"हो, आबा."

"मग मी का केलं?"

हे ते रागानं म्हणाले नाहीत. माझ्याकडे तोंड करून विचारलं, शिकलेल्या माणसाला विचारावं तसं, आणि उत्तराची वाट पाहत थांबले.