माझी पावलं झाडली तो दिवस

चार वर्षांनी मला माझी माय दिसली तेव्हा ती पाटलाच्या अंगणातली माझी पावलं झाडत होती.

ओणवी होती. हातात खराटा. दारापासून ओसरीपर्यंत माझ्या वहाणांचे ठसे उमटले होते. तेवढे तिनं पुसायचे होते. शेजारी मला घेऊन आलेल्या मिशनच्या मडमच्या बुटांचे ठसे होते. ते पुसायचे नव्हते. माय खराटा जपून फिरवत होती, मडमचा ठसा मोडू नये म्हणून.

मी बाजूला उभी होते. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. लाकडासारखी उभी होते.

माय झाडत झाडत माझ्या पायापाशी आली. मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "पायातला काटा निघाला का?"

मागच्या आठवड्यात माझ्या टाचेत काटा मोडला होता. हिंगोलीत. मिशनच्या आवारात. इथं चार कोसांवर हिला कसं कळलं, ते मला उमजलं नाही. मी "व्हय" म्हणाले. ती पुढं झाडत गेली.

आता आधीचं सांगते.

निजामाचं राज्य होतं. रझाकाराच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. आम्ही महार. बाप पटकीनं गेला. मला सहावं लागलं होतं. घरात दाणा नव्हता. मायनं मला हिंगोलीच्या मिशनच्या आश्रमात ठेवलं आणि "नेते परत" म्हणून गेली. आश्रमात आम्ही वीस-बावीस लेकरं होतो. खायला मिळायचं. मारायचे नाहीत. लिहाय-वाचायला शिकवायचे. तिथली मडम दर हिवाळ्यात बैलगाडी काढायची. एकेका लेकराला घेऊन त्याच्या गावी जायची, माय-बाप शोधायची, घराची घडी बसलेली असली तर लेकरू परत द्यायची. पण एक नेम होता. ही बाई याच लेकराची आई, असं गावच्या पाटलानं कागदावर सही करून द्यायचं. पूर्वी एकदा कुणी परकाच येऊन पोरगी घेऊन गेला होता. तेव्हापासून हा नेम.

माझी पाळी चौथ्या हिवाळ्यात आली. आश्रमातलं माझं ते शेवटचं वर्ष होतं. चैत्रात आम्हा मोठ्या पोरींना लांबच्या शाळेत पाठवणार होते. तिकडं गेलेली पोर परत आलेली मी पाहिली नव्हती. म्हणजे त्या दिवशी सही झाली तर माय, नाही तर कायमची लांब.

पाटलाच्या ओसरीवर चार माणसं बसली होती. मडम दिसली तसा पाटील उठला. मडमला खुर्ची दिली. मला तिच्या शेजारी घोंगडीवर बसवलं. माझ्या अंगावर धुतलेलं परकर-पोलकं, केसाला तेल, पायात वहाणा. मडमनं सांभाळलेली कुण्या चांगल्या घरची पोर, असं त्याला वाटलं. तहसीलदार आला की काढायची ती कपबशी त्यानं काढली. चहा माझ्या हातात दिला. "घे बाई, लाजू नको," म्हणाला.

मी प्यायले. गोड होता.

मग मडमनं कागद काढला आणि मायचं नाव सांगितलं.

पाटील थांबला. माझ्याकडं बघितलं. कपाकडं बघितलं. "ही महाराची?"

मडम हो म्हणाली.

बसलेल्यांतला एक जण हसला. "पाटील, आता मडमलाच इचारा, एका कपात बाटतंय का दोन लागत्यात."

सगळे हसले. ते हसले नसते तर कदाचित पुढचं एवढं झालं नसतं. पाटलानं माझ्या हातातली कपबशी काठीनं उडवली. ती अंगणात फुटली. मला खाली उतरायला लावलं. घोंगडी बाहेर टाकली. घरातली मोलकरीण ओसरी सारवायला आली. मडमची खुर्ची होती तिथंच राहिली. मडम गाईचं खाते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिच्याखालची जागा कुणी सारवली नाही.

मग महारवाड्यातून मायला बोलावलं. आधी कपाचे तुकडे वेचायला लावले. मग खराटा.

झाडून झाल्यावर पाटील म्हणाला, "सही देतो. पोरीनं वहाणा डोक्यावर घ्याव्या, नाक घासावं, चुकले म्हनावं. मंग न्या."

मडमचा चेहरा लाल झाला होता. पण ती पाटलाला काही बोलली नाही. मला म्हणाली, "मुली, जरा नम्र हो. कागदाचं काम मोठं आहे."

माय म्हणाली, "घास बाई. नाकाला काय व्हतंय? माझं बघ, रोज घासून बी जाग्यावरच हाय."

तिला मी पाहिजे होते. मलाही ती पाहिजे होती. वाकायला किती वेळ लागतो? मी खाली बघितलं. झाडलेली माती होती, खराट्याच्या रेघा होत्या. मी आल्याची खूण कुठंच नव्हती. वाकायचं म्हटलं तरी पाठ वाकेना.

मी पाटलाला म्हणाले, "चहा तुमी दिला. मी मागितला न्हाई. मी नाक घासत न्हाई."

कुणी हसलं नाही. पाटलानं कागद मडमच्या पायाशी टाकला. मडमनं तो उचलून घडी केला आणि मला गाडीत बसायला सांगितलं.

माय गाडीच्या मागं चालत निघाली. मडमनं दोनदा गाडी थांबवून तिला बस म्हटलं. ती बसली नाही. कयाधू नदीच्या पाण्यातूनही मागंच. मी तिच्याकडं बघत होते, ती चाकाकडं.

दिवस कलता फाटकापाशी आलो. गाडी आत गेली. माय बाहेर थांबली. समोर रस्त्यापल्याड एक कडूलिंब होता, त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. कुणी न सांगता. तिथली माती पायानं चोपून गुळगुळीत झालेली होती.

मी गाडीतून उतरून तिच्याकडं गेले. "हितं काहून उभी?"

"मी हितंच ऱ्हाती. बाजाराच्या दिवशी. मोळी इकली की येती. पूर असला तर न्हाई. तू लंगडत व्हतीस मागल्या बाजारी."

"आत काहून आली न्हाईस?"

"कुणी बोलावलं न्हाई."

"हाक मारायची."

ती म्हणाली, "भाकर मागायची आसली तर हाक मारावं, बाई. लेकरू मागायला कशी मारावी?"

चार वर्षं. फाटक दिवसभर उघडं असायचं. मी फाटकावरच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, मोळीवाली सावलीला थांबते असं वाटलं. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आणि आत मला सांगत होते की तुझ्याकडं कुणी आलं नाही.

मी मायचा हात धरला. शेण, माती, मोळीचे घट्टे. ओढतच तिला आत नेलं. पायरीशी ती अडली. मी जोर केला. मडमच्या खोलीत टेबलासमोर उभी केली.

"हिचा अंगठा घ्या."

मडम म्हणाली, "पाटलाची साक्ष नाही. नेम आहे."

मी म्हणाले, "पाटलानं मला वळखलं न्हाई. त्यानं मला चहा पाजला. हिनं माझ्या पायातला काटा रस्त्यापल्याडून वळखला. मग साक्ष कुणाची धरता?"

मडमनं माझ्या टाचेकडं बघितलं. मग तिनं वही उघडली. मला वाचता येत होतं. माझ्या नावाखाली चार वर्षांच्या चार ओळी होत्या, चारही सारख्या. कोणी आले नाही. कोणी आले नाही. मडमनं त्या खोडल्या नाहीत. त्यांच्याखाली मायचा अंगठा घेतला.

मडमनं खुर्ची पुढं केली. माय बसली नाही. पुढं जन्मभर ती कुठल्याच खुर्चीवर बसली नाही. मी तिला लई बोलले त्यावरून. उपयोग झाला नाही.

पाटलानं आमचं बलुतं बंद केलं. गाव सुटलं. आम्ही हिंगोलीत मोळ्या विकल्या. माझी शाळा चौथीवर थांबली. मडमनं फाटकाला घंटा बांधली, आई-बापांनी वाजवावी म्हणून. कुणी वाजवली नाही. मी बाजाराच्या दिवशी त्या लिंबाखाली जायची. उभी दिसेल त्या बाईला विचारायची, "लेकरू आत हाय का?" काही जणी मोळीवाल्याच निघायच्या. काही जणी तोंडाला पदर लावायच्या. त्यांना मी दंडाला धरून आत नेलं. दोघींनी शिव्या दिल्या. तरी नेलं.

आता म्हातारी झाले. गुडघे गेले. तरी दारात जाऊन गप उभी राहत नाही. कचेरी असो, दवाखाना असो, कुणाचा वाडा असो. कडी वाजवते. उघडलं नाही तर पुन्हा वाजवते. वहाणा पायात असतात. मागं ठसे उमटतात. ज्याला झाडायचे त्यानं झाडावे. मी वाकणार नाही, आणि माझ्या माणसाच्या हातात त्यासाठी खराटा देऊ देणार नाही.