चाळणीवरचा लॅपटॉप

गौतमीला एका जागी बसवत नाही. घोटावड्याला विहाराशेजारी तिचं घर. दारात चहा प्यायला टेकली तरी तिचा एक पाय हलत असतो. आणि काम मिळालं ते मात्र खुर्चीत खिळून बसायचं. महाळुंग्याच्या एका छोट्या ऑफिसात ती लॅपटॉपवर गेम चालवून पाहते. दोन मॉडेलं शेजारी ठेवायची, दोन्हींवर तोच गेम, तीच धावपळ. सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, पडद्यावर उमटतात ते टिपायचं आणि शेवटी मराठीत सांगायचं, कोणता घ्यावा. व्हिडिओत चेहरा मालक सौरभचा, आवाज तिचा.

"खेळायचा पगार देत्यात, आन् वर दमून येती," तिची आई चंद्रकला शेजारणींना सांगते. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे गौतमीला अजून उमगलेलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी सहाला नवा व्हिडिओ लागणार होता. एक लॅपटॉप बारीक, चकचकीत. दुसरा जाडजूड, दगडी पाट्यासारखा. बारक्याने ब्याण्णव फ्रेम दिल्या, जाड्याने चौऱ्याऐंशी. निकाल उघड होता, बारका घ्या; गौतमीचा आवाजही तसाच भरून झाला होता. तरी गौतमीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तिची मावसबहीण क्षितिजा कॉलेजच्या संघातून स्पर्धा खेळायची, आणि रविवारी सकाळी ती वडिलांना घेऊन दुकानात जाणार होती. दोन वर्षं थांबली होती. "ताई, तू सांगशील तो," एवढंच तिचं म्हणणं.

दोन्ही लॅपटॉप गौतमीने घरी आणले होते. क्षितिजा दुपारीच ते बघायला आली. एप्रिलचं ऊन, वर पत्रा तडतडत होता. "जय भीम मावशी" म्हणत ती आत येते न येते तोच चंद्रकला कडाडली, "माझी चाळण कुटं हाय गं?"

"माझ्या लॅपटॉपखाली," गौतमी सवयीने म्हणाली. तिचा स्वतःचा जुना लॅपटॉप दुपारी तापून अडकायचा, म्हणून ती तो चाळणीवर ठेवी. खालून वारा लागतो.

"आमच्यात पोळपाट उलटा घालते मी," क्षितिजा हसली. "आई रोज शिव्या देती."

"देईल न्हाई तर काय! सगळा संसार त्या डबड्याखाली घाला."

गौतमीचा पाय हलायचा थांबला. ऑफिसात तिला कधी चाळण लागली नव्हती. तिथे एसी बावीसवर असतो. ती ओढणी लपेटून बसते.

तिने दोन्ही लॅपटॉप पत्र्याखाली नुसत्या टेबलावर मांडले. बारका क्षितिजाच्या हाती दिला, जाडा स्वतः घेतला. "खेळ. थांबू नको."

पहिली पाच मिनिटं बारका पुढे होता. मग त्याचा पंखा चिरक्या आवाजात ओरडू लागला. ऐंशी. सदुसष्ट. विसाव्या मिनिटाला एक्कावन्न. क्षितिजाचा खेळाडू भिंतीशी अडखळत होता, आणि ती कपाळाचा घाम मनगटाने पुसत होती. जाडा शहात्तरवर टिकून होता.

गौतमी उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिथूनच तिने सौरभला फोन लावून घरचे आकडे सांगितले.

"अगं, दोघांना सारखीच परिस्थिती दिली होती ना आपण?" तो म्हणाला.

"सारखीच. पण थंडगार."

"मग व्हिडिओखाली एक ओळ टाकतो. बारीक अक्षरात."

"बारीक अक्षर कोण वाचतंय? लोक मला ऐकून घेतात."

"सहाला लागायचाय, गौतमी."

"मग माझा आवाज काढ त्यातून. दुसऱ्या कुणाचा घाल."

त्या व्हिडिओत तिचं म्हणून तेवढंच तर होतं.

"नवीन आवाज कधी पाठवतेस?" सौरभने विचारलं.

"पाचपर्यंत. इथूनच बोलते."

"पंख्याचा आवाज येईल."

"येणारच."

तिने फोन ठेवला, चाळण आईच्या हातात दिली आणि माइक बारक्या लॅपटॉपजवळ सरकवला. क्षितिजाला खूण केली. "चालू ठेव."

"मग जाडाच घ्यायचा व्हय?" क्षितिजाचा चेहरा उतरला होता. तिला तो चकचकीत आवडला होता.

"तुझ्या घरी पत्रा हाय का स्लॅब?"

"पत्रा."

"मग जाडा." गौतमीने माइक चालू केला. टेबलाखाली तिचा पाय पुन्हा हलू लागला होता.