तिठ्यावरचा कॉब्लर

आधी चहा घ्या बरं सगळ्यांनी. ती बिस्किटंही संपवा. कारण मी आता जे सांगणार आहे, ते ऐकल्यावर माझ्या हातचं काही तोंडात घालाल की नाही याची मला खात्री नाही. गाढवपणा सगळेच करतात हो. पण माझ्या गाढवपणापायी माणसांनी भरलेली बस उलटी पळाली होती!

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. मी सांगलीची, लग्न होऊन मेढ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात आले. नवरा फौजेत. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई.

आता मूळ घोळ बघा. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी सांगून टाकलं, "पोरगी गृहविज्ञान शिकलीय. भट्टीतले विलायती पदार्थ करते." शिकले होते, खोटं नाही. पण आमच्या वर्गातली भट्टी दोन्ही वर्षं बिघडलेली! आम्ही पदार्थ वहीत लिहायचो, बाई वाचून मार्क द्यायच्या. 'पीच कॉब्लर'ला मला दहापैकी नऊ मिळाले होते. पीच हे फळ मी तोवर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मामंजींनी विचारलं, "उदाहरणार्थ, कुठला पदार्थ?"

तोंडातून निघून गेलं, "पीच कॉब्लर."

मामंजी खुर्चीतून उठलेच. "पसंत!" म्हणाले. माझ्या तोंडाकडे त्यांनी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. झालं होतं असं, की फौजेत त्यांच्या कर्नलसाहेबांच्या टेबलावर हा पदार्थ असायचा, आणि साहेब आपली प्लेट अधूनमधून मामंजींकडे पाठवायचे. ती चव वीस वर्षं जिभेवर होती. गावात एक माणूस असा नव्हता की ज्यानं त्या कॉब्लरचं वर्णन ऐकलं नव्हतं.

लग्नाला चार महिने होतात न होतात तोच कर्नलसाहेबांचं पत्र आलं. महाबळेश्वरला जाताना चार वाजता चहाला थांबतो. मामंजींनी उलट टपाली कळवलं, 'सूनबाई पीच कॉब्लर करणार आहे.' नवऱ्याला तार केली. त्यानं मिलिटरी कँटीनमधून पीचचे दोन डबे धाडले. पळायला वाट उरली नाही. माझी लाज, माझ्या बापाचा शब्द आणि मामंजींची वीस वर्षांची बढाई, सगळं त्या दोन डब्यांत बंद!

वही काढली. पानावर माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलेलं: 'अतिशय सोपा पदार्थ.' लोणी पातळ करून भांड्यात ओता. मैदा, साखर, दूध, सोडा यांचं सरबरीत पीठ त्यावर सोडा. वर फोडी ठेवा. ढवळू नका. भाजा.

पितळेची छोटी परात घेतली आणि सगळं तसंच रचलं. आत्याबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"अगं, ढवळ की."

"ढवळायचं नाही, आत्याबाई."

"न्हाई कसं? गुठळ्या हुतील!"

"भट्टीत गेलं की पीठ आपोआप फोडींच्या वर येतं. वहीत लिहिलंय."

"आमच्यात आपोआप वर येतं ते फक्त दूध," आत्याबाई म्हणाल्या, "आन ते बी उतू जातं."

त्या हातात पळी घेऊनच उभ्या होत्या. परात अगदी उचलून जवळ धरली मी!

आता भट्टी कुठली? दिवाळीत आमच्याकडच्या बायका रवा-मैदा-तूप घेऊन मेढ्याच्या बेकरीत जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. मी म्हटलं, आपणही तेच करू. दहाची बस पकडायची, भाजून घ्यायचं, एकच्या बसनं परत. बेकरीवाल्याच्या बायकोला द्यायला सांगलीच्या हळदीची पुडी पिशवीत टाकली. आम्ही सांगलीकर कुणाकडे जायचं म्हटलं की हळद नेतो. दुसरं नेण्यासारखं असतं काय आमच्याकडे?

गावापासून दहा मिनिटांवर तिठा होता. तीन रस्ते मिळायचे आणि मधोमध एक सपाट धोंडा. पोचेपर्यंत परातीवर झाकलेलं फडकं पिठात बुडायला लागलं, म्हणून काढून टाकलं. हात भरून आले होते, म्हणून परात धोंड्यावर ठेवली. लगेच मुंग्यांची रांग! गृहविज्ञान आठवलं: मुंग्यांवर उपाय, हळदीचं रिंगण. पुडी फोडली आणि परातीभोवती छानपैकी गोल काढला. मग वीस पावलांवरच्या चिंचेखाली सावलीला जाऊन बसले. स्वतःवर इतकी खूश होते म्हणून सांगू!

पाच मिनिटांनी एक बैलगाडी आली. गाडीवान धोंड्याजवळ आला, कासरे ओढले आणि गाडी सरळ बाजूच्या नांगरटीत घातली. ढेकळांतून धडधडत लांबून वळसा घालून गेला. मी म्हटलं, या माणसाला रस्ता दिसत नाही की काय?

मग डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी आली. परात बघून जागीच थांबली. इकडंतिकडं बघितलं, तिला मी दिसले.

"आगं बाई, कुनी ठेवलं म्हनायचं हे?"

"मीच ठेवलंय!" मी अभिमानानं म्हणाले.

"कुनासाठी?"

"आमच्या मामंजींसाठी. सुभेदारांसाठी."

"आगं आई! काय हुतंय त्यास्नी?"

मला वाटलं, कॉब्लर का करतेय असं विचारतेय. म्हटलं, "वीस वर्षं झाली, एकच ध्यास घेतलाय. आज त्यांचे जुने साहेब येणार आहेत. त्यांनी हे खाल्लं की मामंजींचा जीव शांत होईल."

म्हातारीनं पाटीसकट मला हात जोडले आणि आल्या वाटेनं परत पळाली. सत्तरीची बाई, पण काय पळाली!

मी आपली बसून. माणसं अशी का वागतायत? माझ्या कपाळावर काही लागलंय का? पदरानं तोंड पुसून घेतलं.

दहाची बस आली. वळणावर करकचून ब्रेक. ड्रायव्हरनं खिडकीतून परात बघितली आणि बस तिथंच रोखली. कंडक्टर दारात येऊन ओरडला, "कुनाचं हाय रं हे?"

"माझं! थांबा, आले." मी धावत जाऊन परात उचलली. "आत घेऊन बसते. मांडीवर धरते, कुणाला लागणार नाही."

सगळी बस उभी राहिली! एक फेटेवाला मागच्या खिडकीतून बाहेर पडायला लागला. "बाई, हात जोडतो, खाली ठेवा!" कंडक्टर म्हणाला. एक बाई आतून ओरडली, "आवं डायवर, मागं घ्या, माझी सून पोटुशी हाय!"

"अहो, मैदा आहे नुसता!" मी म्हणाले. कोण ऐकतंय? ड्रायव्हरनं बस जी मागं घेतली, ती चांगली ओढ्यापर्यंत. तिथून खालच्या कच्च्या रस्त्यानं गेली.

मी रस्त्याच्या मधोमध परात धरून उभी. बस गेली, भट्टी गेली, साडेदहा वाजले, साहेब चारला येणार. रडूच आलं मला. परात पुन्हा धोंड्यावर ठेवली आणि शेजारी उभी राहून रडले.

तेवढ्यात गावाकडून मामंजी येताना दिसले. अंगात जुना फौजी कोट, छातीवर पदकं, मागं पन्नासभर माणसं. म्हातारीनं गावात जाऊन सांगितलं होतं, की सुभेदाराला मेलेल्या साहेबानं झपाटलंय. निम्मं गाव त्यांची नाडी बघायला घरी गेलं होतं.

मामंजी वीस पावलांवर थबकले. "सूनबाई, लांब सरा! ह्यो उतारा कुनी ठेवाया सांगितला तुमाला?"

"कसला उतारा?"

"आज अवस हाय. आजारी मानसावरनं दहीभात, कुकू लावलेली लिंबं ओवाळून तिठ्यावर ठेवत्यात. भवतीनं हळद. शिवू नका! ज्यो शिवंल त्याला सगळी पीडा लागती."

मी परातीकडे बघितलं. पांढरं पीठ. वर पिवळ्याधमक अर्ध्या फोडी, बी काढलेल्या खळग्यात लालसर झाक. भोवती सांगलीची एक नंबर हळद. आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला!

"मामंजी," मी म्हणाले, "हा तुमचा कॉब्लर आहे."

मामंजी परातीकडे बघत होते. दोन लढाया केलेला माणूस, पण हळदीच्या रेघेशी पाय अडला. मागं अख्खं गाव बघतंय. मग त्यांनी पायताणं काढली, डोळे मिटले आणि रेघ ओलांडून परात उचलली. "चला," म्हणाले. त्या क्षणी मला ते माझ्या वडिलांइतके जवळचे वाटले.

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. परात जाड लोखंडी तव्यावर ठेवली, खाली मंद जाळ केला, वर पत्रा झाकला आणि पत्र्यावर निखारे पसरले.

"खाली-वर आच पायजे, एवढंच न्हवं? तवाच सांगायचं हुतंस. त्यासाठी मेढ्याला कशाला जायाचं?"

पीठ खरंच आपोआप फोडींच्या वर आलं. आत्याबाईंनी पळी खाली ठेवली. माझा जीव भांड्यात पडला.

चारला साहेब आले. गाव कुंपणापलीकडून बघत होतं. साहेबांनी पहिला चमचा तोंडात घातला तेव्हा दोन बायकांनी डोळे मिटून घेतले. साहेब सावकाश चावत राहिले.

"सुभेदार, हे काय आहे?"

मामंजी सावधान उभे राहिले. "पीच कॉब्लर, सर! मेसमधला! आपल्या आवडीचा!"

साहेब हसायला लागले. "आवडीचा? अरे, माझ्या घशाखाली तो तिथं कधीच गेला नाही. म्हणून तर प्लेट तुझ्याकडं पाठवायचो!" मामंजींचा चेहरा उतरला. साहेबांनी प्लेट पुढं केली. "हा मात्र आवडला. अजून वाढ, बेटी."

तीन वेळा घेतला त्यांनी. मामंजींनी मग उभ्यानंच परात पुसून खाल्ली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान्य करायला तयार नाहीत. "निखाऱ्याचा धूर," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गावात माझा भाव वधारला! आळीतल्या बायका पाककृती विचारायला आल्या. शेजारच्या हौसाबाईचा भाऊही फौजेत, तो डबा पाठवणार होता. मी सगळ्यांना बजावून सांगितलं, वर फोडी ठेवा, ढवळू नका, मुंग्यांना हळद घाला.

खरं म्हणजे गोष्ट इथंच संपायला हवी होती.

महिनाभरानं मी साताऱ्याहून दुपारच्या बसनं तिठ्यावर उतरले. बघते तर काय, धोंड्यावर परात! पांढरं पीठ, पिवळ्या फोडी, भोवती हळदीचं रिंगण. अगदी मी शिकवलं तस्सं! ऊर भरून आला माझा. म्हटलं, हौसाबाईनं केला वाटतं. आणि बिचारी बेकरीच्या बसची वाट बघून कंटाळली, परात इथंच विसरून घरी गेली!

परात कमरेवर घेतली आणि सगळ्या गावातून घरोघर हाक मारत निघाले, "हौसाबाई! अहो, कॉब्लर विसरलात!" पुढं मी, आणि मागं एकेका घराचं दार धाडकन बंद!

घरी आले. आत्याबाईंनी परातीत वाकून बघितलं. मग हातातली पळी माझ्या हातात दिली.

"ही घे," म्हणाल्या. "आता ढवळ. दहीभात हाय."