अकरा राजीनामे, एक अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. शाळेत फळ्यावरचा सुविचार, गॅदरिंगची प्रमाणपत्रं, गल्लीतल्या लग्नांच्या पत्रिकांवरची नावं, सगळं माझ्याच गळ्यात पडायचं. कॉलेजात मराठी शिकवायला लागले तेव्हा ऑफिसातल्या मोठ्या बाबूंनीही पहिल्याच आठवड्यात ते हेरलं.

कॉलेज धाराशिवच्या बाहेर, माळावर आहे. मी तुळजापूरहून एसटीनं जाते. कायम नोकरीतली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी आम्ही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेऊ तेवढंच मानधन, आणि दरवर्षी नवी मुलाखत, नवी नेमणूक. उन्हाळ्यात आम्ही कॉलेजचे कुणीच नसतो. नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत कधीकधी दिवाळीचा फराळ संपलेला असतो.

मोठ्या बाबूंनी मला कोरा कागद दिला आणि म्हणाले, "एक राजीनामा लिहून ठेवा मॅडम. तारीख टाकू नका. संस्थेची पद्धत हाय, सगळेच देत्यात." मी लिहिला. वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे, कृपया स्वीकारावा. खाली सही केली. पुढच्या वर्षी नवीन माणूस आला तेव्हा बाबू परत आले. नवी माणसं खाडाखोड करतात, तुम्हीच लिहा, ते सही करतील. मी तोही लिहिला. मग हा शिरस्ताच पडला. तासिकेवर मीच सगळ्यांत जुनी, त्यामुळं माझ्यानंतर आलेल्या प्रत्येकाचा राजीनामा माझ्या हातचा.

कागद कशासाठी असतो हे मला कळत नव्हतं, असं सोंग आता घेण्यात अर्थ नाही. कळत होतं. त्या बदल्यात बाबूंनी मला काही दिलं का, तर वेळापत्रक दिलं. माझे सगळे तास सकाळचे. बाराच्या आत मोकळी, एकची गाडी हमखास मिळायची. भूगोलाची मॅडम मात्र सकाळी एक तास आणि दुपारी तीनला दुसरा, मधे नुसती बसून. ती तेरहून यायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची, डब्यातली शेंगाची चटणी अर्धी माझ्या झाकणात काढायची. एकदा हसत म्हणाली, "ताई, मराठीला दुपारी झोप येती का?" मीही हसले.

मागच्या वर्षी इतिहासाच्या सरांनी पाहुण्यांसमोर प्राचार्यांना नेमणुकीचं पत्र मागितलं. आठ दिवसांत त्यांना दुसरंच पत्र आलं. आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. ते घरी गेले. त्यांच्या राजीनाम्यावर सही त्यांची होती आणि अक्षर माझं. मी आठवडाभर नीट जेवले नाही, पण बोललेही नाही.

यंदा कॉलेजला श्रेणी देणारी कमिटी येणार होती. सोमवारी. प्रत्येक विभागात माणूस दिसायला हवा, आणि विभाग आम्हीच चालवत होतो. भूगोलाची मॅडम म्हणाली, हीच वेळ आहे. मानधन शासन ठरवतं, त्याबद्दल संस्थेशी भांडून उपयोग नव्हता. मागण्या दोनच. बिनतारखेचे राजीनामे परत द्या, आणि यापुढं जूनमध्ये नेमणुकीचं पत्र हातात द्या. अकराजणांच्या सह्यांचं निवेदन गेलं. बोलायला तिघं जायचं ठरलं. ती, वयानं मोठे म्हणून गणिताचे सर, आणि इतिवृत्त लिहायला मी. अक्षर चांगलं ना माझं.

शुक्रवारी बैठकीला जाताना व्हरांड्यात ती म्हणाली, "मला एकदा बघायचंय ताई, ते कागद कुणी लिहिलेत. म्या रुजू झाले त्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते. बाबूनं तयार कागद आणून दिला, सही कर म्हणाला. हात कुणाचा व्हता, काय की." आत्ताच सांगून टाकावं असं वाटलं, आणि तेवढ्यात शिपायानं दार उघडलं.

संस्थेच्या सचिवांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा मोठ्या खुर्चीत, बाजूला प्राचार्य मान खाली घालून, भिंतीशी मोठे बाबू. आधी चहा आला. आप्पा गोड बोलले. आपण एक कुटुंब आहोत, कमिटी जाऊ द्या, मग निवांत बसू. गणिताचे सर लगेच विरघळले.

"आप्पा म्हणत्यात तर सोमवारनंतर बसू," ते म्हणाले.

"सोमवारनंतर आप्पांना आपली गरज काय?" भूगोलाची मॅडम म्हणाली. "आज द्या, आप्पा. आमी सोमवारी सगळे हजर असतो."

आप्पांनी कप खाली ठेवला. आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि मला तेच जास्त भीतीचं वाटलं. त्यांनी बाबूंना फाईल आणायला सांगितली. नाडी सोडली, आणि पत्ते पिसल्यासारखे अकराही कागद टेबलावर पसरले.

"बघा. ह्या सह्या तुमच्याच हायत का न्हाय? कुणी हात धरून जबरदस्ती केली व्हती का? ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय, स्वेच्छेने. माझ्या मनात आलं तर आज सगळ्यांवर तारीख पडंल."

भूगोलाच्या मॅडमनं स्वतःचा कागद उचलला. वाचला. मग शेजारचा बघितला, मग त्याच्या शेजारचा. मग तिची नजर सरकत माझ्यापुढच्या वहीवर आली. मी इतिवृत्ताची अर्धं पान नोंद केली होती. तोच 'स्व', तीच लांब वेलांटी, तीच सरळ शिरोरेघ. मी हात वहीवर ठेवून झाकायला गेले, आणि ते तिला दिसलं. नुसती बघत राहिली. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी उभी राहिले.

"स्वतःच्या हातानं नाही लिहिले, आप्पा," मी म्हणाले. "अकराही मी लिहिलेत. बाबूंनी सांगितलं, मी लिहिले. इतिहासाच्या सरांचाही मीच लिहिला होता. ह्यातला एकही स्वेच्छेचा नाही. हे मी उद्या कुठंही सांगेन, आणि अक्षर जुळवून दाखवीन."

प्राचार्यांनी पहिल्यांदा मान वर केली. बाबू भिंतीला आणखी चिकटले. आप्पा मात्र कागद एकेक करून बघू लागले, सावकाश. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी त्यातला एक कागद बाजूला काढला.

"बरोबर हाय मॅडम तुमचं," ते म्हणाले. "अक्षर तुमचं आणि सही दुसऱ्याची, म्हंजी हे दहा खोटेच. न्या. पर ह्यो एक? अक्षर तुमचं, सही तुमची. ह्याला कोण खोटं म्हणंल?"

त्यांनी तो कागद माझ्याकडं सरकवला. वर तारखेची जागा मोकळी होती.

"तारीख टाका. आजची. ह्या दहा जणांचे कागद आत्ता देतो, जूनचं बी मान्य करतो."

मी बोलायला उभी राहिले तेव्हा हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतका साधा हिशेब. डोळ्यांपुढं घर आलं, नवऱ्याचं बंद पडलेलं दुकान आलं, बारावीतली मुलगी आली. पण खरं सांगायचं तर मी त्याहीपेक्षा एकाच गोष्टीची वाट बघत होते. कुणीतरी नको म्हणावं. गणिताचे सर रिकाम्या कपात बघत होते. मी पेनचं टोपण काढलं. अजूनही कुणी बोललं नाही. मला त्यांचा राग आला, आणि लगेच वाटलं, कुठल्या तोंडानं रागावतेस.

"टाका मॅडम," भूगोलाची मॅडम म्हणाली.

मॅडम. पाच वर्षांत तिनं मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. मी तारखेचा आकडा लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात तिनं स्वतःचा कागद माझ्या कागदावर ठेवला.

"आधी ह्यावर टाका. सही माझी हाय, मी खोटी म्हणत न्हाय. आप्पा, माझा बी राजीनामा खरा धरा. भूगोलाची प्रयोगशाळा सोमवारी कमिटीला तुमीच दाखवा. कुठला नकाशा कुठं हाय ते बाबूला विचारा."

मग गणिताच्या सरांनी कप खाली ठेवला, टेबलावरून आपला कागद शोधला आणि तिच्या कागदावर ठेवला.

आप्पा तिघांकडं बघत राहिले. शेवटी प्राचार्य हळूच म्हणाले, "आप्पा, सोमवारी नऊलाच येणार आहेत ते लोक."

आप्पांनी दोन्ही हातांनी सगळे कागद गोळा केले आणि फाईलसकट आमच्या अंगावर लोटले. "घेऊन जा."

"जूनचं इतिवृत्तात लिहा," ती मला म्हणाली, माझ्याकडं न बघता. मी लिहिलं. यापुढं राजीनामा घेतला जाणार नाही हेही लिहिलं. आप्पांनी न वाचता सही केली.

बाहेर आल्यावर गणिताच्या सरांनी आपला कागद तिथंच फाडला, बारीक तुकडे केले आणि खिशात घातले. ती मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवत होती. स्टँडवर तेरची गाडी लागली होती. मी म्हणाले, "मी सांगणार होते गं."

"कधी?" तिनं विचारलं. मी गाडीच्या पाटीकडं बघितलं. मग ती म्हणाली, "म्या बाहेर बाकावर बसले होते, तवा तुम्ही आत बसून हे लिवत होता. आपली वळख बी न्हवती. माझं पूर्ण नाव किती नीट लिवलंय, बघितलं का तुम्ही?" आवाजात राग नव्हता. ती गाडीत चढली.

कमिटी आली, गेली. जूनमध्ये अकराजणांना पत्रं मिळाली, वेळेवर. नवीन दोघं आले तेव्हा मोठे बाबू सवयीनं कोरा कागद घेऊन माझ्याकडं आले, आणि मी दारातूनच त्यांना परत पाठवलं. माझे तास आता दुपारी असतात, वेळापत्रक मीच बदलून मागितलं. तीनच्या तासापर्यंत आम्ही दोघी स्टाफरूममध्ये समोरासमोर बसतो. चटणी ती अजूनही देते. डबा पुढं सरकवते आणि म्हणते, "घ्या मॅडम."