अकोट्यातला समुद्र

फोन आला तेव्हा मी माशांच्या टाकीत पाणी घालत होते. वन्संनी टाकीच्या काचेवर बाहेरून लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली आहे. हवेने पाणी उडतं आणि सकाळपर्यंत रेघेखाली उतरतं, मग ते रेघेपर्यंत आणायचं असतं, आणि तेही साध्या गोड्या पाण्याने, कारण पाणी उडालं तरी मीठ मागेच राहतं. हॉस्पिटलातून ह्यांचा आवाज आला, "सुमन, ताई गेली..." मी "हं" म्हटलं, फोन ठेवला आणि हातातल्या मगमधलं पाणी रेघ येईपर्यंत हळूहळू ओतत राहिले. मग खाली बसले. शेजारच्या जशुबेन धावत आल्या. मी काचेकडे बघत बसलेली पाहून त्यांना वाटलं, हिला धक्का बसला. पण वन्संना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "बरोबर केलंस. रडायला अख्खा दिवस पडलाय. पाणी आधी."

इंदूवन्सं म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. लग्न होऊन त्या कोकणात समुद्रकाठच्या एका गावात गेल्या होत्या. मूलबाळ झालं नाही आणि पुढे यजमानही गेले. तेव्हा हे जाऊन त्यांना बडोद्याला, आमच्या अकोट्याच्या घरी घेऊन आले. बरोबर एक ट्रंक आणि लग्नातलं तांब्याचं घंगाळ, एवढंच सामान होतं. मी तशी माणसांना बिचकणारी. चौथी झाल्यावर शाळा सुटली, लग्न झाल्यावर गाव सुटलं, आणि इथे तर बाहेरची भाषाच वेगळी. गॅसवाला आला तरी मी दाराआडून बोलायची. नणंद कायमची राहायला येणार म्हटल्यावर तिच्याशी काय बोलायचं, हेच मी घोकत बसले होते. आल्या त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "आलं कमी आहे, पण माणूस बरं दिसतंय." मला हसू आलं. त्यानंतर या घरात मी रोज कुणाशी तरी बोलू लागले.

पण त्यांचं मन लागत नव्हतं. दिवस कलला की त्या मागच्या दारात जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "इथे संध्याकाळी काही होतच नाही गं." मी म्हटलं, "भाजीवाली येते की." त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं... आणि मग ते पाणी काही लवकर थांबलं नाही. तिकडे ओहोटी लागली की त्या खडपांवर, उघड्या पडलेल्या खडकांवर, जायच्या, कालवं काढायला. खडकांच्या खाचांत साचलेल्या पाण्यात फुलांसारखी जनावरं असतात, बोट लावलं की मिटतात, असं त्या मला भाजी निवडताना सांगायच्या. त्यांच्या धाकट्या दिरांचं तिकडून सारखं बोलावणं होतं. त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या आणि स्वयंपाकाला घरचं माणूस हवं होतं. घरचं माणूस म्हणजे काय ते वन्संना कळत होतं. तरी त्या म्हणायच्या, "राबायचं तर राबायचं. खिडकीतून समुद्र तरी दिसेल." आणि माझ्या हातातली भाजी तशीच राहायची.

त्या दिवसांत बडोद्यात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. अलकापुरीत कपड्यांच्या एका शोरूममध्ये आम्ही ह्यांच्या शर्टाचं कापड बघायला गेलो, तर तिथे मोठी काचेची टाकी आणि तीत सोनेरी मासे. वन्सं कापड विसरल्या. काउंटरवरच्या माणसाला त्यांनी विचारलं, "हे गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्यातले ठेवता येतात का?" तो म्हणाला, "माजी, मुंबईत कुणी कुणी ठेवतात म्हणे. इथे नाही चालणार." त्याने 'इथे नाही चालणार' म्हटलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला अजून वाटतं.

घरी येऊन त्यांनी ह्यांना सांगितलं, "बाळू, मला घरात समुद्र करायचाय. नुसते मासे नाही. दगड, पोवळी, सगळं." हे म्हणाले, "ताई, मे महिन्यात इथे माणसं उकडून निघतात, पोवळी कुठली जगायला?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "मग बघू या ना. इथे समुद्र जगला तर मीही इथेच राहीन. नाही जगला तर भावजींकडे जाऊन भाकऱ्या थापीन." ह्यांना ती थट्टा वाटली. मला वाटली नाही. त्या दिवसापासून ती टाकी जगली पाहिजे, हे त्यांच्याइतकंच मलाही वाटू लागलं.

ह्यांच्या मकरपुऱ्याच्या कारखान्यातल्या वेल्डरने टाकी ठेवायला लोखंडी घोडा करून दिला, काचवाल्याने टाकी जोडली. मुंबईचे एक दुकानदार होते, डिसोझा म्हणून. परदेशातून परवान्याने आलेला माल ते विकत. त्यांच्याकडून मिठाच्या पिशव्या आल्या, पाणी फिरवायचे पंप आले आणि रेल्वेच्या पार्सलने थर्माकोलचं खोकं आलं. उघडलं तर ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले दगड, आणि घरभर ओहोटीचा वास. मी पदर नाकाला लावला. वन्संनी दगड नाकाला लावला.

त्या दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते पाणी निर्मळ ठेवतात, म्हणून आधी नुसते दगड ठेवून कित्येक आठवडे थांबायचं, मासे नंतर. बघायला येणाऱ्यांची मात्र निराशा व्हायची. जशुबेन आधी दारातूनच "हाय हाय, सुमनबेन, घरमां माछली?" म्हणून परत गेल्या होत्या. चक्क शाकाहारी माणूस, त्यांना वाटलं आम्ही तळायला आणणार. मग कळल्यावर आत आल्या आणि बराच वेळ टाकीत डोकावून म्हणाल्या, "इंदुबेन, आमां तो पथरा छे! नुसते दगड?" वन्सं म्हणाल्या, "थांबा हो. लोणचं मुरतं तसं पाणी मुरतंय."

पाणी मुरलं. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची एक जोडी आली, काच साफ करणाऱ्या गोगलगाई आल्या, लाल-पांढरी कोळंबी आली, आणि शेवटी पोवळं आलं. अंगठीतलं टणक पोवळं नव्हे. हाताच्या पंजाएवढं, मऊ, आणि टोकाटोकाला बारीक फुलं. जशुबेन म्हणाल्या, "आ परवाळुं? हे अंगठीत कसं बसणार?" पहिले काही दिवस ते छान फुललं. संध्याकाळी वन्सं मागच्या दारात गेल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. पण बोलून दाखवलं की दृष्ट लागेल असं वाटलं.

मग एकेक गोष्ट बिघडू लागली. गोगलगाई काचेवरून गळून वाळूत पडायला लागल्या. कोळंबी मेली. पोवळं आक्रसून, रंग जाऊन नुसता गोळा झालं. मासे मात्र मजेत. त्यामुळे काही कळेचना. पाणी वाईट असेल तर मासे आधी जायला हवेत ना? वन्संनी ठरवलं की पाणी जुनं झालं. त्या जास्त वेळा पाणी बदलू लागल्या. नव्या पाण्यात मीठ कालवायला घरातलं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत शुद्ध भांडं म्हणजे त्यांचं घंगाळ. ते त्या चिंच लावून असं लख्ख घासायच्या की त्यात तोंड दिसावं. देवाचं पाणी आपण तांब्यात भरतो, प्यायचं पाणी तांब्यात ठेवतो, मग समुद्राचं कशात ठेवणार? आमच्या दोघींच्या मनात दुसरं काही आलंच नाही. जितकं जास्त बदलू तितकं पोवळं जास्त मिटायचं.

नेमके तेव्हाच वन्संचे दीर त्यांना न्यायला आले. टाकीपुढे उभे राहून हसले. "वहिनी, हा तुमचा समुद्र? हा तर मरायला टेकलाय. चला, आपल्याकडे आयता आहे, पाणी पण बदलावं लागत नाही." वन्संनी त्यांना जेवू घातलं आणि म्हणाल्या, "दिवाळी इथे करते. मग न्यायला या." दीर गेल्यावर त्यांनी ट्रंक पुसली. टाकीकडे बघायच्याही थांबल्या. मी म्हटलं, "डिसोझांना विचारू या." म्हणाल्या, "काय विचारायचं? हरले म्हणून सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी वन्सं देवळात गेल्या तशी मी चपला घातल्या आणि नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. परक्या माणसाला फोन करायची ती माझी पहिली वेळ. मिठाच्या पिशवीवरचा नंबर मी बूथवाल्याला दाखवला, त्यानेच लावून दिला. पलीकडून "हॅलो" आलं आणि माझा आवाजच फुटेना. "कोण बोलतंय? अहो, मीटर पळतोय तुमचा!" तेव्हा मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी एकेक विचारत आणलं. पाणी कुठलं? उजेड किती? खायला काय घालता? सगळं ठीक निघालं. शेवटी म्हणाले, "मीठ कशात कालवता?"

"घंगाळात."

"कसलं घंगाळ?"

"तांब्याचं. रोज चिंचेनं घासतो आम्ही," मी जरा अभिमानानेच सांगितलं.

मग ते म्हणाले, "बाई... खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. माशांना ते थोडंफार सोसतं. पोवळ्याला, गोगलगाईला, कोळंबीला ते विष आहे. ते भांडं आधी लांब ठेवा. प्लास्टिकमध्ये पाणी करा, कोळशाची पिशवी पाठवतो ती टाका आणि बदलत राहा. पोवळं अजून वितळलं नाही ना? मग आशा आहे."

मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले. वन्सं देवळातून येऊन बसल्या होत्या. मी सांगितलं तशा त्या आधी घंगाळाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. एवढ्या मोठ्या संसारातून तेवढंच तर बरोबर आलं होतं. पण त्या खो खो हसायला लागल्या. "म्हणजे मीच घासूनपुसून, माया करून विष चढवत होते! आणि तो मेला शहाणा म्हणे समुद्र मरायला टेकलाय!" मग एकदम थांबून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू फोन केलास? तू?" मी मान हलवली. "काय बोललीस?" म्हटलं, "आधी काहीच नाही. मग सगळंच."

जशुबेननी जुन्या साड्यांवर घेतलेला मोठा प्लास्टिकचा टब नवा कोरा ठेवला होता, तो त्या स्वतः डोक्यावर घेऊन आल्या. आम्ही तिघी पाणी करत होतो, काढत होतो, घालत होतो. घरात पाय ठेवीन तिथे खारट ओल. हे कामावरून आले की बूट हातात घेऊन आत यायचे आणि म्हणायचे, "भरती आहे की ओहोटी?" दिवाळी जवळ आली, फराळ झाला, पोवळं तसंच. आणि भाऊबिजेच्या सकाळी मी चहा टाकत होते तर बाहेरून वन्सं ओरडल्या, "सुमन! गॅस बंद कर आणि ये!"

पोवळं उघडलं होतं. पुरतं नाही, एका कडेला. बारीक बारीक फुलं बाहेर काढून ती पाण्याबरोबर हलत होती. दुपारपर्यंत अख्खा पंजा फुलला. वन्संनी ओवाळणीचं तबक आणलं, ह्यांना ओवाळलं, आणि तेच तबक टाकीभोवती ओवाळलं. जशुबेन हात जोडून म्हणाल्या, "आ तो भगवाननो बगीचो छे." दीर ठरल्याप्रमाणे आले. वन्संनी त्यांना श्रीखंड-पुरी वाढली, टाकीसमोर नेलं आणि म्हणाल्या, "भावजी, माझा समुद्र इथे आहे. आणि त्याला रोज बघावं लागतं, आयता नाही तो. तुम्ही स्वयंपाकाला बाई ठेवा." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आयुष्यात मला कुठल्या गोष्टीचा इतका आनंद झाला असेल असं आठवत नाही. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली ती गेलीच.

पुढचे सगळे उन्हाळे आम्ही निभावले. पाण्यावर पंखा सोडायचा, खिडकीला ओला पडदा, वीज गेली तर बॅटरीवरचा पंप. पोवळं वाढून टाकीत मावेना, तेव्हा वन्सं नव्या पात्याने त्याचे तुकडे करून दगडांना बांधायच्या. नागरवाड्यात, मांजलपुरात, कुठे कुठे लोकांनी आमचं बघून टाक्या केल्या, आणि पहिला तुकडा आमच्याकडचा. माणसं विचारायला यायची तर वन्सं मुद्दाम म्हणायच्या, "सुमनला विचारा, तिला जास्त कळतं." मी आधी पदराशी चाळा करत बोलायची. नंतर पदर सुटला, बोलणं राहिलं. नव्या माणसाला त्या एकच ताकीद द्यायच्या, "घरातलं तांबं दूर ठेवा," आणि आपल्या आसनाकडे बोट दाखवायच्या.

ते आसन म्हणजे ते घंगाळ. त्यांनी ते विकलं नाही, माळ्यावर टाकलं नाही. टाकीसमोर पालथं घातलं आणि वर चादरीची घडी ठेवली. रोज संध्याकाळी त्या त्यावर बसायच्या. म्हणायच्या, "याने मला घालवायला बघितलं, म्हणून याच्यावर बसते."

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी घंगाळ उचललं आणि म्हणालं, "हे मोठं आहे, आंघोळीच्या पाण्याला घेऊ या." सगळ्यांसमोर, मोठ्यांदा, मी म्हटलं, "ठेवा ते खाली. ते बसायचं आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे पण बघायला लागले. आणि मग ह्यांनीच ते हातातून घेतलं, होतं तिथे पालथं घातलं आणि चादरीची घडी नीट केली.

आता संध्याकाळी भाजीवाली येऊन गेली की मी तिथे बसते. ती नारिंगी जोडी अजून आहे, म्हातारी झाली, पण काचेपाशी येते. नेलपॉलिशची रेघ जरा उडत चालली होती, ती मी परवा त्याच बाटलीने पुन्हा ओढली. पोवळं पुरतं फुललेलं होतं.